गुरूवरून पृथ्वी

हंपी, १६ नोव्हेंबर २०२५

ति. बाबांस,

गौरेशचा नमस्कार. पत्र मिळालं. तुमचं, म्हणजे यशवंतचं. अक्षर त्याचं, शाई त्याची, आणि "कळविण्यास आनंद होतो की" हेसुद्धा त्याचंच. आनंद झाला तर तुम्ही कळवत नाही, अंगणात जाऊन माडाकडे बघत उभे राहता. तुमचं त्यात काय आहे ते शोधायला मला पत्र तीनदा वाचावं लागलं. शेवटी तळाशी सापडलं. "दहा जानेवारी. गुरूवरून पृथ्वी. आठवण आसा मा?" एवढंच तुमचं.

आहे आठवण. विसरेन कसा? २०१९ साली आपणच ती तारीख काढली होती. मी अकरावी सोडून घरी बसलो होतो, तुम्ही खाण बंद पडल्यापासून घरी होता, आणि आई आपल्या दोन्ही खुर्च्यांकडे बघून म्हणायची, "दोन कदेलां नि दोन आळशी." तुम्ही मागच्या खुर्चीवरून सांगायचात, मी पुढच्या खुर्चीवर बसून बटणं दाबायचो. तेव्हा तुम्ही मला गौरेश म्हणायचा नाहीत, 'हात' म्हणायचात. "हाता, फुडे चल. हाता, राव, थांब." सरकारी लॅपटॉप, त्यात फुकटात उतरवलेलं ते आकाशाचं सॉफ्टवेअर, आणि आपण दोघं वर्षं पळवत बसलेले. शुक्र सूर्यावरून परत जाणार तो २११७ साली, हे बघून तुम्ही चिडलात. म्हणालात, पृथ्वीवर बसून वाट बघण्यात अर्थ नाही, दुसरीकडे जाऊन बघूया. मग आपण मंगळावर गेलो. तिथून २०८४ मध्ये पृथ्वी आणि चंद्र सूर्यावरून जाताना दिसले, एक मोठा ठिपका, एक बारका. तेही लांबच. मग गुरूवर गेलो, आणि तिथे ही तारीख सापडली. दहा जानेवारी २०२६. पृथ्वी सूर्याच्या अगदी कडेवरून घासून जाते. तुम्ही म्हणालात, "ह्या माका गावतला." हे तरी तुम्हाला मिळणार होतं.

फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन आईच्या हातात देता. म्हणून कागद.

इथे बरं आहे. माकडं फार. काल एकाने माझ्या हातातली केळी नेली आणि सालं माझ्याच अंगावर टाकली. नदीत टोपलीसारख्या गोल होड्या असतात, वल्हं मारलं की गरगर फिरतात. मी नावाड्याला म्हटलं, असं फिरत फिरत समुद्रापर्यंत जाता येईल काय? तो म्हणाला, आधी धरण लागेल. असो. उत्तर रघुनाथच्या मोबाईलच्या दुकानावर, वाळपईला पाठवा. मी कुठेही असलो तरी तो मला पोचवतो.

(आता हे कंसातलं यशवंतसाठी. मोठ्याने वाचायचं नाही. माझी खोली तुला भाड्याने दिली ते आईने फोनवर सांगितलं. विमानतळ झाल्यापासून पेडण्यात घरटी एक भाडेकरू आहे, तू मोप्याला सामानाच्या पट्ट्यावर कामाला आहेस, कुडाळहून रोज जाणं-येणं जमत नाही, सगळं समजलं. बाबांना अक्षर दिसत नाही, पत्र वाचायला-लिहायला आईऐवजी तुला का बसवलं तेही समजलं. आई वाचते तेव्हा वाईट तेवढं गाळते आणि पत्र अर्ध्यातच संपतं, हे बाबांना कळतं. पण एक सांगतो. खोलीच्या भाड्यात बाप येत नाही. ते जनेल, ती खिडकी तुझी, खाट तुझी. मागची खुर्ची आणि पुढची खुर्ची तुझी नाही.)

तुमचा
गौरेश

हंपी, २९ नोव्हेंबर २०२५

ति. बाबांस,

नमस्कार. डोळ्याचं वाचलं. डाव्या डोळ्यालाही मधे डाग आला, आणि डोळ्यातली दर महिन्याची सुई चुकवायची नाही असं डॉक्टरनी बजावलं, आणि यशवंत पाळी बदलून घेऊन तुम्हाला मोटारसायकलवरून नेतो. छान. हेल्मेट घालता ना? तुम्हाला त्यात गुदमरतं म्हणून मी कधी घातलं नव्हतं. त्याने घातलं असणार. तो तसाच माणूस वाटतो अक्षरावरून. प्रत्येक ओळीनंतर पट्टीने मोजल्यासारखी जागा.

आता दुसरं. पत्राच्या दुसऱ्या पानावर तो लिहितो, "काका मला गमतीने हात म्हणतात."

बाबा, गमतीने?

आणि एकोणसत्तर हजार एकशे त्रेसष्ट सालही त्याला दाखवलंत. बुध आणि शुक्र दोघंही एकाच दिवशी सूर्यावर. ते साल शोधायला मी एक अख्खा पावसाळा घालवला होता. वर्षांचा आकडा पळवता पळवता माझं बोट दुखायचं, तुम्ही मागून म्हणायचात, "अजून मनशां आसतली काय रे तेव्हा?" आणि मी म्हणायचो, मनशां नसली तरी आई पेजेला हाक मारेल. आपण हसलो होतो. तोही हसला काय? त्याला काय सांगितलंत, कोणी शोधलं म्हणून?

मी चिडलेलो नाही. इथे ऊन फार आहे, त्याने होतं. काल एका दगडी खांबावर बोट मारलं की सूर निघतो असं कोणी सांगितलं, तो खांब शोधायला गेलो आणि वाटेत कुत्र्याची पिल्लं दिसली, खांब राहिलाच.

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही दोघांनी दहा जानेवारी लावून बघितली, गुरूवर जाऊन उभे राहिलात, तर पृथ्वीचा ठिपका सूर्यावर येतच नाही, नखभर जागा सोडून बाजूने जातो. "हाताचा काय चुकता काय, तू सांग," असं तुम्ही लिहवून घेतलंत.

हाताचं काही चुकत नाही. पडद्यावर दिसतं तेच खरं. २०१९ साली आपली चूक झाली होती. तेव्हा ते सॉफ्टवेअर जुनं होतं. पृथ्वी सूर्याला चुकवून जाते, दहा जानेवारीला काहीच होत नाही. जाऊदे. डोळ्यांना त्रास देऊ नका.

मला माहीत आहे तुम्हाला काय वाटेल. २००४ मध्ये डिचोलीच्या खाणीवर शुक्र सूर्यावर आला, तेव्हा गोकुळदास सर्वेयरनी मोजणीच्या दुर्बिणीतून सूर्य पुठ्ठ्यावर पाडला होता आणि तो पुठ्ठा धरायला त्यांचा मदतनीस म्हणून तुम्ही उभे होता. सगळी पाळी धरून उभे. जेवायलाही गेला नाहीत. मी चार वर्षांचा होतो, पण घरी येऊन तुम्ही दोन्ही तळवे पुढे करून आईला दाखवलेत, हे मला दिसतं अजून. २०१२ ला परत आला तर आपल्या हळर्ण्यावर ढग. म्हणून ही तारीख तुम्ही धरून ठेवलेली. पण नाही होत तर नाही होत.

(यशवंत, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये हात घालू नकोस. सगळं मी बसवून ठेवलंय. उगाच बिघडेल.)

गौरेश

वाळपई, १२ डिसेंबर २०२५

ति. बाबांस,

बरं. शिक्का वाचलात. म्हणजे यशवंतने वाचला आणि तुम्हाला सांगितलं, "काका, हंपीच्या पत्रार वाळपईचो शिक्को कसो?" तो विमानतळावर दिवसभर बॅगांच्या चिठ्ठ्या वाचतो, कुठून आली आणि कुठे जाणार. माझी चिठ्ठी त्याने वाचली नसती तरच नवल.

हंपीला होतो, मागच्या वर्षी. माकडं खरी, केळी खरी, तारखा तेवढ्या खोट्या. ऑगस्टपासून वाळपईला आहे. रघुनाथच्या दुकानात मोबाईलच्या काचा बदलतो, मागच्या खोलीत झोपतो. आपल्या घरापासून दोन बस. तुम्हाला लांबचा वाटावा म्हणून हंपी लिहिलं. लांबच्या माणसाला का येत नाहीस असं कोणी विचारत नाही.

आईने फोनवर विचारलं, "इतक्या लागी रावतस नि येवक पाय जड?" जड आहेत. मार्चमधलं ते मी कुठल्याच पत्रात लिहिलं नाही, तुम्हीही नाही. आता यशवंत वाचतोय तर त्यालाही कळूदे, नाहीतर तो मला नुसताच उनाड समजेल.

यशवंत, उजव्या डोळ्याच्या सुईची तारीख होती. मी बाबांना हॉस्पिटलात नेलं, बाकावर बसवलं, आणि चहा घेऊन येतो म्हणून बाहेर पडलो. टपरीवर दोघे जण भेटले, चोर्ला घाट चढून जाणार होते, मागे जागा होती. मला वाटलं, नंबर यायला दुपार होईल, तोवर परत येऊ. घाटात धुकं होतं. तिथे एक माणूस मध विकत होता, त्याच्याशी बोलत बसलो, मधमाशा राणी कशी निवडतात ते. परत आलो तेव्हा पाच वाजले होते. बाबा त्याच बाकावर, त्याच जागी. नंबर पुकारला होता, घरचं माणूस सहीला नव्हतं. पुढची तारीख सहा आठवड्यांनी मिळाली. तोवर उजवा डोळा गेला.

ते मला एक शब्द बोलले नाहीत. बसमध्ये माझ्या खांद्याला धरून चढले, खांद्याला धरून उतरले. दुसऱ्या दिवशी मी निघून गेलो. बोलले असते तर राहिलो असतो. एवढंच.

आता तू लिहितोस की इंटरनेटवर शोधलंस आणि दहा जानेवारीला पृथ्वी गुरूवरून सूर्याच्या कडेवर दिसणार असं लिहिलंय, मग आपल्याच पडद्यावर का दिसत नाही. इंटरनेटवर काय, काहीही लिहितात. मी ते सॉफ्टवेअर सहा वर्षं चालवलंय. तू किती दिवस, पाच महिने? बाबा, तुम्ही ठरवा. हा सांगतो ते, की मी सांगतो ते. एकाचं धरा.

गौरेश

वाळपई, २७ डिसेंबर

यशवंत,

हे पत्र बाबांसाठी नाही. पाकिटावर तुझं नाव टाकीन.

तू लिहिलंस ते मी दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं. माझं पत्र ऐकून बाबांनी दोन दिवस लॅपटॉप उघडू दिला नाही. सोमवारी आंघोळ करून देवळात गेले, तू हात धरून नेलंस. गुरवाने कौल लावायला देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवल्या, उजव्या होकाराच्या आणि डाव्या नकाराच्या, आणि बाबांनी विचारलं, "झिलाचा सांगणा खरा मानू?" तू लिहितोस, कधीकधी कळी पडायला तास लागतो. त्या दिवशी गुरवाचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी पडली. बाबांनी घरी येऊन लॅपटॉपवर टॉवेल घातला आणि म्हणाले, "सोपला. गौरेशान सांगला ता खरा. देवान उजवो दिलो." आणि आईला खीर करायला सांगितली.

खीर! तारीख हुकल्याची नव्हे, मुलगा खरं बोलतो म्हणून.

आणि तू तुझं इंटरनेट गुंडाळलंस. "देवापुढे मी काय बोलणार" असं लिहून पुढे पट्टीने मोजून जागा सोडलीस.

मी जिंकलो, यशवंत. हेच हवं होतं मला. बाबांनी तुला बाजूला ठेवून माझं धरलं, ते पण देवाला साक्षी ठेवून. पायरीवरून उठलो तेव्हा मी हसत होतो. समोर पोदेर, पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत चालला होता, त्याच्याकडून चार उंडे घेतले, भूक नसताना. दोन खाल्ले. तिसरा हातात धरून बसलो. रघुनाथ म्हणाला, "लॉटरी लागली रे?" मी म्हटलं, लागली. तो म्हणाला, "मगे तोंड असा कित्याक?"

मग मी दुकानातल्या संगणकावर ते सॉफ्टवेअर उघडलं. परत एकदा. मी ते नोव्हेंबरपासून दहा वेळा उघडलंय. दहा वेळा पृथ्वी सूर्याच्या कडेवर आली.

आता तुला कळलं असेल.

वाळपई, ५ जानेवारी २०२६

ति. बाबांस,

यशवंत, हे पत्र सगळं मोठ्याने वाच. कंस असला तरी वाच. २७ तारखेचं तुझ्या नावाचं पत्र मी टाकलं नाही, ते याच पाकिटात आहे. तेही वाचून दाखव. खिरीचं गाळू नकोस. आईला पण बसव.

बाबा, मी खोटं बोललो. दहा जानेवारीला पृथ्वी सूर्यावरून जाते. २०१९ ला आपण काढलं ते बरोबर होतं. सॉफ्टवेअर जुनं नव्हतं, चूकही नव्हती. जुना लॅपटॉप अडखळायचा म्हणून दोन वर्षांनी मीच त्यातली एक खूण काढून टाकली होती. ती काढली की ग्रहांच्या जागा ढोबळ मोजल्या जातात. एरवी काही फरक दिसत नाही, पण पृथ्वी इतक्या कडेवरून जाते की ढोबळ मोजलं तर ती सूर्याच्या बाहेरच राहते. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं काय झालंय. एक ओळ लिहायची होती. मी दोन पानं लिहिली आणि ती ओळ लिहिली नाही.

कारण तुम्ही त्याला हात म्हणालात.

दुसरं कारण नाही. मी शोधलं. मला वाटलं, त्याच्या हाताने काही दिसूच नये. माझ्याशिवाय तुम्हाला काही दिसूच नये, असंही वाटलं असेल. मार्चमध्ये एक डोळा घालवला आणि वर्ष संपायच्या आत उरलेल्या डोळ्यासमोरची गोष्ट काढून घ्यायला निघालो.

देवाला दोष देऊ नका. देवाकडे माझं नाव घेऊन तुम्ही गेलात, म्हणून त्यानेही माझीच बाजू घेतली असेल. मी नसती घेतली.

यशवंत, फोन करून सांगता आलं असतं. तुझा नंबर प्रत्येक पत्राखाली असतो. पण फोनवर मी तुला एकट्याला सांगितलं असतं, "अरे एक खूण राहिली बघ," आणि बाबांना तू काहीतरी सावरून सांगितलं असतंस. तू सावरतोस. तसं नको. बाबांनी हे तुझ्या तोंडून, माझ्या शब्दांत ऐकायचं.

सेटिंग उघड. तिसऱ्या पानावर सगळ्यात खाली, ग्रहांच्या जागा काटेकोर मोजण्याबद्दल इंग्रजीत एक ओळ आहे, तिच्या आधीचा चौकोन रिकामा आहे. त्यात खूण कर. लॅपटॉप घुरघुरेल, त्याला वेळ दे, दुसरं बटण दाबू नकोस. मग गुरूवर जा. सूर्य मोठा कर, पूर्ण नको, वरची कड तेवढी किंवा खालची, जिथे ठिपका दिसेल ती. इतका मोठा की ठिपका वाटाण्याएवढा होईल. वेळ पळवू नकोस. बाबांना खऱ्या वेळेत बघायचं आहे, त्यांनी २००४ ला तसंच बघितलं होतं. शनिवारी दुपारी सुरू होईल. तुझी पाळी असेल तर बदल. तू बदलतोस, माहीत आहे.

पुढची खुर्ची तुझी. हे लिहायला मला सकाळ गेली. आता पोस्टात जातो, वाटेत कुठे थांबणार नाही.

गौरेश

हळर्ण, आपली पडवी
११ जानेवारी २०२६, रविवार

ति. बाबांस,

तुम्ही आत बसलाय, मी इथे पडवीत. मधे एक भिंत. तरी कागद, कारण काल तुम्ही म्हणालात, "तोंडान सांगू नको. लिही. यशवंत वाचतलो." बरं. त्यालाही मी आता काही म्हणत नाही. म्हणजे म्हणतो, पण मनात.

काल मी यायचा नव्हतो. सकाळी दुकान उघडलं, एकाच्या फोनची काच काढली, आणि ती काच हातात धरून मला सुचेना की पुढे काय लावायचं. रघुनाथ म्हणाला, "जा रे बाबा, लोकांचे फोन मोडशील." दोन बस. बस बदलायला साखळीला उतरलो तिथे एक माणूस अननस कापत होता, काय सुंदर कापत होता, डोळे अलगद काढून. मी बघितलं आणि पुढे गेलो. हे मुद्दाम लिहितोय.

पुढच्या दाराने यायचं धाडस नव्हतं. मागून केळीतून आलो, माझ्या जनेलाकडे. वाटलं, बाहेरूनच बघू, तुम्हाला दिसतंय काय एवढं बघू आणि जाऊ.

यशवंत पुढच्या खुर्चीवर होता. पडदा भरून सूर्याची कड, आणि तिच्या आत अगदी टेकून तो ठिपका. काळा, वाटाण्याएवढा. त्याने सगळं बरोबर लावलं होतं. मला हेही बोचलं, खरं सांगतो. एक काहीतरी चुकलं असतं तर.

आणि तुम्ही पडद्याकडे बघतच नव्हता. तुमचं तोंड जनेलाकडे होतं. सरळ माझ्याकडे. मी थिजलो. वाटलं, दिसलो, आता काय बोलतात. तुम्ही बोललात, "हा, आता बरो दिसता. काळो कुळकुळीत." माझ्याकडे बघत. आई मागे उभी होती, ती म्हणाली, "अहो, पडदो हयसर आसा." तर तुम्ही म्हणालात, "गो, सरळ बघला की मधे डाग येता. मान वळयली की कुशीन दिसता. गप रव, जायत तो."

तेव्हा मला समजलं. डोळ्याच्या मधला भाग गेलाय, बाजूचा राहिलाय. पडदा कडेने दिसावा म्हणून तुम्ही मान वळवून बसला होता, आणि तुमच्या नजरेच्या बरोबर मधे मी उभा होतो. म्हणून तुम्हाला दिसत नव्हतो.

एक पाऊल सरकलो असतो तर दिसलो असतो. सरकावं असं फार वाटलं, बाबा. हे दोन महिने माझी सगळी पत्रं त्याच कामासाठी होती. पण मी सरकलो असतो तर तुम्ही मान वळवली असती, तुमचा राग आला असता, आईचं रडणं झालं असतं, आणि तो ठिपका तेवढ्यात निघून गेला असता. मग मी उभा राहिलो. डास होते, केळीच्या पानाचं टोक मानेला लागत होतं, पाय बदलायची भीती. यशवंतने मला बघितलं. एकदा मान वर केली, बघितलं, आणि परत पडद्याकडे तोंड करून म्हणाला, "काका, अजून कडेक टेकून आसा." तुम्हाला तो सांगत राहिला, मी ऐकत राहिलो. त्या ठिपक्यात आपण चौघेही होतो, हे तुम्ही आईला सांगितलंत, आणि आई म्हणाली, "गौरेशाक धरून चार?" तुम्ही म्हणालात, "तो खंय जातलो, तेतूच आसतलो."

ठिपका सूर्याच्या बाहेर पडला. यशवंत म्हणाला, "गेलो, काका." तुम्ही दोन्ही तळवे मांडीवर ठेवलेत. मग मी सरकलो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही विचारलंत, "कोण तो?" यशवंत म्हणाला, "तुमचो झील." आणि तुम्ही म्हणालात, तोंडाने सांगू नको, लिही.

लिहिलं. आता एकच विचारायचं आहे, बाकी सगळं झालं. आई म्हणते, मंगळवारी सुईची तारीख आहे, आठ वाजता पोचायचं. यशवंतची त्या दिवशी पहिली पाळी आहे. तो बदलून घेईल, त्याला सांगावंही लागणार नाही. पण मला न्यायचं आहे. बाकावर तुमच्या शेजारी बसेन. चहा तुम्ही म्हणाल तर घरून किटलीत नेऊ.

तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजेन, आणि यशवंतवर आठवडाभर जळेन, आणि तरी इथेच राहीन. उत्तर त्याच्याकडून लिहवून घेतलंत तरी चालेल. मी पडवीतच बसलोय.

गौरेश